साथरोगांचा अभ्यास: फक्त डॉक्टरांसाठी नसलेलं आरोग्यातलं करिअर

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या रुग्णालयांत पायांतली ताकद गेलेले रुग्ण एकापाठोपाठ एक दाखल होऊ लागले. निदान होतं गुलेन बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. एरवी वर्षभरात लाखामागे एक-दोन जणांना होणारा हा आजार. तो एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. मग एकाच शहरात, एकाच महिन्यात इतके रुग्ण का यावेत?

उत्तर शोधायला रुग्णालयाबाहेर पडावं लागलं. रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडल्यावर बरेचसे ठिपके सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात पडले. अनेकांना अशक्तपणा येण्याच्या काही दिवस आधी जुलाब झाले होते. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत तपासलेल्या काही शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. दूषित पाण्यातून किंवा नीट न शिजलेल्या चिकनमधून तो पोटात जातो आणि त्याच्या संसर्गानंतर काही जणांना जीबीएस होऊ शकतो. म्हणून पथकं विहिरी, टँकर आणि खासगी आरओ केंद्रांच्या पाण्याकडे वळली. घरोघरी सर्वेक्षण झालं, क्लोरीनचं प्रमाण तपासलं गेलं, पाणी उकळून पिण्याचं आवाहन केलं गेलं. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि पुढे साथ ओसरली.

रोग कुठून आला, कोणाला होतो, कसा पसरतो आणि कुठे अडवता येईल, याचा शिस्तशीर शोध म्हणजे साथरोगशास्त्र. इंग्रजी नाव एपिडेमिऑलॉजी. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना या क्षेत्राबद्दल मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. नीटमध्ये कमी गुण पडले म्हणून आरोग्यक्षेत्राचं दार बंद झालं, असं समजून हजारो मुलं दरवर्षी खचतात. साथ रोखायला डॉक्टर लागतातच, पण तितकेच संख्याशास्त्रज्ञ, पशुवैद्यक, कीटकशास्त्रज्ञ, परिचारिका आणि समाजशास्त्रज्ञही लागतात. ही माणसं आपल्याकडे कमी आहेत आणि त्यांची गरज मोठी आहे.

हे काम नेमकं असतं काय?

दवाखान्यातला डॉक्टर समोरच्या रुग्णावर उपचार करतो. साथरोगतज्ज्ञाच्या समोर अख्खं गाव किंवा शहर असतं, त्यातली आजारी माणसं आणि धडधाकट माणसंही.

समजा, एका लग्नात २०० पाहुणे जेवले आणि त्यातल्या ६४ जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले. गावात चर्चा सुरू होते, कोणी बासुंदीला दोष देतं, कोणी जिलबीला. साथरोगतज्ज्ञ आधी रुग्णाची व्याख्या ठरवतो: जेवणानंतर किती तासांत, कोणती लक्षणं असली तर त्याला या साथीतला रुग्ण म्हणायचं. मग लाइन लिस्ट तयार होते. त्यात प्रत्येक रुग्णाचं वय, पत्ता, लक्षणं कधी सुरू झाली आणि त्याने काय खाल्लं याची नोंद असते. हेच प्रश्न आजारी न पडलेल्यांनाही विचारले जातात. जिलबी खाल्लेल्या १५० जणांपैकी ४८ आजारी, न खाल्लेल्या ५० पैकी १६ आजारी. दोन्हीकडे प्रमाण ३२ टक्के, म्हणजे जिलबीवर ठपका ठेवता येत नाही. बासुंदी खाल्लेल्या १२० जणांपैकी ६० आजारी, म्हणजे ५० टक्के. न खाल्लेल्या ८० पैकी फक्त ४, म्हणजे ५ टक्के. दहापट फरक आहे. आता बासुंदीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, दूध कुठून आलं, ती किती तास बाहेर राहिली, हे शोधायचं.

केवळ आजाऱ्यांना विचारलं असतं, तर ६४ पैकी ४८ जणांनी जिलबी खाल्ली एवढंच दिसलं असतं आणि बिचाऱ्या हलवायावर आळ आला असता. तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हा या शास्त्राचा पाया आहे. हे गणित आठवीच्या मुलालाही जमतं. अवघड असतं ते घाबरलेल्या, चिडलेल्या लोकांकडून खरी माहिती मिळवणं.

साथ नसतानाही हे काम थांबत नाही. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू आहे. गावपातळीवरचे आरोग्य कर्मचारी, दवाखान्यातले डॉक्टर आणि प्रयोगशाळा आपापली माहिती नियमित कळवतात. एखाद्या तालुक्यात तापाचे रुग्ण नेहमीपेक्षा अचानक वाढले, तर जिल्ह्याचं शीघ्र प्रतिसाद पथक तिथे पोहोचतं. ग्रामपंचायतीच्या पाण्यातलं क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरची तपासणी, डासअळ्यांसाठी घरोघरचं कंटेनर सर्वेक्षण, गप्पी मासे सोडणं ही सगळी त्याच यंत्रणेची रोजची कामं आहेत.

या मातीचा या शास्त्राशी जुना संबंध आहे

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात प्लेगचं निदान केलं ते मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी. पुढच्याच वर्षी जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला.

गणिताची आवड असलेल्यांनी पुढची गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी साथ कशी चढते आणि कशी उतरते याची समीकरणं मांडली. ती पडताळायला त्यांनी वापरली मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंची आकडेवारी. कोविडच्या काळात जगभर जी गणिती प्रारूपं वापरली गेली, त्यातल्या अनेकांचं मूळ याच समीकरणांत आहे.

पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, तीच आजची एनआयव्ही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा तिथला विषाणू शोधला तो या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत आहे, कारण १९६५ मध्ये तिथल्या रुग्णांमध्ये सापडलेल्या विषाणूला ते दिलं गेलं.

एका साथीला किती शाखांची माणसं लागतात?

क्यासनूरचा तो आजार, आपल्याकडचा माकडताप, २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आढळला. तो पसरतो गोचिडींमुळे, आणि काजूच्या हंगामात बागांत, रानात जाणाऱ्यांना त्याचा धोका जास्त असतो.

आता तिथे कोण कोण लागतं ते पाहा. रानात मेलेलं माकड दिसल्याची खबर वनरक्षक देतो. शवविच्छेदन करून नमुने घेतो तो पशुवैद्यक. जमिनीवर कापड फिरवून गोचिडी गोळा करणं आणि त्यांची जात ओळखणं हे कीटकशास्त्रज्ञाचं काम. विषाणूची खात्री करतो सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. कोणत्या वाडीत, कोणत्या आठवड्यात रुग्ण वाढतात हे संख्याशास्त्रज्ञ सांगतो. आणि पोटासाठी काजू गोळा करायला जाणाऱ्याला ‘रानात जाऊ नका’ असं सांगून भागणार नाही, त्याला अंगाला लावायचं औषध कसं पोहोचवायचं, कामावरून आल्यावर गरम पाण्याने अंघोळीची सवय कशी लावायची, हे लोकांमध्ये राहून काम केलेल्या समाजकार्यकर्त्यालाच नीट समजतं.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवरची साथ आली. लस न घेतलेल्या लोकसंख्येत गोवरचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना संसर्ग देऊ शकतो, म्हणून लसीकरण ९५ टक्क्यांच्या वर लागतं. लस उपलब्ध होती, तरी अनेक मुलं तिच्यापासून वंचित राहिली होती. ती का राहिली, हा प्रश्न वस्तीचा, विश्वासाचा, आईच्या बुडणाऱ्या मजुरीचा आहे. त्याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळत नाही.

कोणत्या रस्त्याने जायचं?

एमबीबीएस झालेल्यांसाठी सरळ वाट म्हणजे एमडी कम्युनिटी मेडिसिन, जुन्या नावाने पीएसएम. तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत आहे. नीट-पीजीत या विषयाला तुलनेने कमी गुण लागतात, म्हणून त्याला दुय्यम मानलं जातं. ती समजूत सोडून द्यावी. कोविडकाळात जिल्ह्यांपासून दिल्लीपर्यंत निर्णय घेणाऱ्यांच्या शेजारी हा विषय जाणणारी माणसं बसली होती.

बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीएस्सी नर्सिंग, फिजिओथेरपी झालेल्यांसाठी मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे एमपीएच हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, कोलकात्याची १९३२ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था, गांधीनगरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ ही यातली नावाजलेली ठिकाणं. आपल्या राज्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण मिळतं. सामाजिक अंगाने साथरोगशास्त्र शिकण्यासाठी टिसची विशेष ओळख आहे आणि तिथे वेगवेगळ्या शाखांचे पदवीधर शिकत आले आहेत.

सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी करणाऱ्यांसाठी पुण्याच्या एनआयव्हीत एमएस्सी व्हायरॉलॉजी आहे. डास, गोचिडी, पिसवा यांच्यात रस असेल, तर पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राचं एमएस्सी करता येतं. हिवताप, डेंगी, चिकुनगुनिया, हत्तीरोग हे सगळे डासांमुळे पसरणारे आजार असताना या विषयाकडे फार कमी मराठी मुलं वळतात.

गणित-संख्याशास्त्र आवडणाऱ्यांनी बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करून जैवसंख्याशास्त्राकडे वळावं. मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्यासाठी जवळचं ठिकाण आहे. ज्यांना जनावरांमध्ये रस आहे, त्यांनी बीव्हीएस्सीनंतर पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य हा विषय घ्यावा. रेबीज, बर्ड फ्लू, निपाह, माकडताप हे सगळे प्राण्यांकडून माणसांकडे आलेले आजार आहेत. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी नागपुरात डिसेंबर २०२२ मध्ये झाली आहे.

ज्यांना घरच्या परिस्थितीमुळे लवकर कमावणं भाग आहे, त्यांच्यासाठी आरोग्य निरीक्षकाचा किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा पदविका अभ्यासक्रम, नर्सिंग हे रस्ते आहेत. आरोग्य सेवक, आरोग्य निरीक्षक, कीटक समाहारक ही पदं साथनियंत्रणाचा कणा आहेत. इथून सुरुवात करून, नोकरी सांभाळत पुढची पदवी घेता येते.

प्रवेशाची पात्रता आणि परीक्षा बदलत राहतात. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. खासगी संस्थेत एमपीएच करायचं असेल, तर तीन प्रश्न विचारा: प्रत्यक्ष क्षेत्रकार्य किती महिने आहे, शिकवणाऱ्यांनी साथींवर स्वतः काम केलंय का, आणि मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत. समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत, तर कितीही चकचकीत इमारत असली तरी प्रवेश घेऊ नका.

अनुभवी डॉक्टरांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात दोन वर्षांचं प्रशिक्षण आहे, ज्यात साथीचा तपास प्रत्यक्ष करत करत शिकायचं असतं. परदेशी शिक्षणाचा खर्च लाखोंच्या घरात जातो. कर्ज काढून पदवीनंतर लगेच जाण्यापेक्षा इथे दोन वर्षं काम करावं. चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीला कामाचा अनुभव लागतोच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहिती जरूर घ्यावी.

पालकांचे प्रश्न

नोकरी मिळेल का? मिळते, पण सुरुवातीची बरीच पदं कंत्राटी असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली साथरोगतज्ज्ञाची पदं, संशोधन संस्थांच्या प्रकल्पांतल्या जागा या ठरावीक मुदतीच्या असतात. कोविड ओसरल्यावर अनेक कंत्राटी कर्मचाऱ्यांना घरी जावं लागलं, हे आपण पाहिलं आहे. याच्या जोडीला कायम पदंही आहेत: महापालिकांचे आरोग्य विभाग, राज्य आरोग्य सेवा, वैद्यकीय महाविद्यालयं, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या संस्था. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेची सर्वेक्षण यंत्रणा, लस आणि औषध कंपन्या, स्वयंसेवी संस्था आणि मोठी रुग्णालयं इथेही मागणी आहे. रुग्णालयात पसरणारे संसर्ग रोखणारी इन्फेक्शन कंट्रोल नर्स हे तर नर्सिंगच्या मुलींसाठी चांगलं विशेष क्षेत्र आहे.

पैसा किती? खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरइतका सुरुवातीला मिळत नाही. विश्लेषणाचं कौशल्य आणि काही वर्षांचा अनुभव जमा झाला की उत्पन्न वाढतं, मध्यमवर्गीय संसार नीट चालतो. झटपट श्रीमंत व्हायचं असेल, तर मात्र हे क्षेत्र निवडू नये.

धोका आहे का? आहे. २०१८ मध्ये केरळमध्ये निपाहच्या रुग्णाची शुश्रूषा करताना लिनी पुथुस्सेरी या तरुण परिचारिकेचा मृत्यू झाला. पण या क्षेत्रात सगळेच रुग्णांच्या संपर्कात येत नाहीत. बरंच काम माहिती गोळा करण्याचं, तपासण्याचं, मांडणीचं असतं. जिथे धोका असतो, तिथे लसीकरण, संरक्षक पोशाख आणि जैवसुरक्षेचे नियम शिकवले जातात. प्रशिक्षित माणसाला धोका नेमका कुठे आहे हे ठाऊक असतं, त्यामुळे तो तुमच्या-आमच्यापेक्षा सावध असतो.

लोक ‘डॉक्टर’ म्हणतील का? एमपीएच केल्याने रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही, हे आधीच समजून घ्या. मुलाने ही पदवी घ्यावी आणि नातेवाइकांनी त्याला डॉक्टर समजावं, अशी अपेक्षा ठेवली तर मुलावर अन्याय होईल.

मुलामध्ये काय असावं लागतं?

गुणांपेक्षा वृत्ती महत्त्वाची. आकडा दिसला की ‘कशातले?’ असं विचारण्याची सवय हवी. उन्हातान्हात वाडीवस्तीवर जाण्याची तयारी हवी. अनोळखी माणसाशी त्याच्या भाषेत, त्याचा मान राखून बोलता यायला हवं. रोग कोणाला झाला हे सांगताना त्याची बदनामी होणार नाही, याची काळजी हवी. आणि निष्कर्ष कोणाला गैरसोयीचा ठरला, तरी तो बदलायचा नाही, एवढा प्रामाणिकपणा हवा.

आणखी एक. या कामात यश दिसत नाही. न आलेल्या साथीची बातमी होत नाही. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडलेला पोलिओचा रुग्ण भारतातला शेवटचा ठरला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्यामागे घरोघर फिरलेल्या लाखो कार्यकर्त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत. ज्याला टाळ्यांवाचून काम करता येतं, त्यालाच यात समाधान मिळेल.

आजपासून काय करता येईल?

दहावी-बारावीत गणित सोडू नका. जीवशास्त्र घेतलेल्यांनीही जमल्यास गणित ठेवा, कारण पुढे संख्याशास्त्र लागतंच. सुट्टीत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन, वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, आरोग्य सेवकाबरोबर एक दिवस फिरा. आपल्या गल्लीत डासअळ्या कुठे होतात याची पावसाळाभर दर आठवड्याला नोंद ठेवा, आलेख काढा. एक्सेल शिका, पदवीच्या वर्षांत ‘आर’ ही मोफत संगणकभाषा आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर शिका. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनावरचा अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतो. इंग्रजी वाचनाची सवय लावा, पण मराठी नीट लिहायला-बोलायलाही शिका. साथीच्या दिवसांत गावाला समजेल अशा भाषेत खरी माहिती सांगणारा माणूस औषधाइतकाच गरजेचा असतो.

पालकांना एकच विनंती. नीटचा निकाल लागेल तेव्हा मुलाच्या गुणांआधी त्याची आवड विचारा. आकड्यांत रमणारा, किड्यांच्या मागे धावणारा, माणसांत मिसळणारा मुलगा किंवा मुलगी तुमच्या घरात असेल, तर त्यांना या क्षेत्राची ओळख करून द्या. पुढची साथ येणार आहे, फक्त कधी ते सांगता येत नाही. ती येईल तेव्हा आपल्या जिल्ह्यात तिला ओळखणारी, समजून घेणारी आणि रोखणारी माणसं असायला हवीत. ती आजच्या वर्गांतूनच तयार व्हायची आहेत.